तिसऱ्या यंत्राची जागा

ओझुरगेतीच्या पलीकडे, जिथून बस वळून परत फिरते,
तिथे चहाचा कारखाना आहे. म्हणजे होता.
यंत्रं किलोच्या भावानं गेली, खिडक्या चौकटींसकट गेल्या,
छपराचा पत्रा कुणाच्या गोठ्यावर आहे
ते साऱ्या गावाला ठाऊक.
उरली जमीन. आणि उरली नाझिब्रोला,
दार नसलेल्या दाराची किल्ली सांभाळणारी.

आम्ही सात जण, एका व्हॅनमधून.
चार नाचणारे. कॅमेऱ्यावर वाझा.
म्झिया, जिला दिग्दर्शक म्हटलेलं आवडत नाही
आणि नाही म्हटलं तर तेही नाही.
मी आवाज टिपणारा,
ज्याला जेवणाच्या वेळी सगळे विसरतात.

संगीत नको, म्झिया म्हणाली.
पाय आणि जमीन, बास.
मग मी जमिनीला माइक लावले,
डॉक्टर छातीला लावतो तसे,
आणि तीन दिवस ऐकत बसलो
टाचा, चवडे, कुणाच्या तरी गुडघ्याची कटकट,
भिंतीतून उगवलेल्या अंजिराची खरखरीत पानं.

नाच असा, की चौघांनी चहा खुडायचा.
मळा नाही, टोपली नाही, पान नाही.
नुसतं खुडणं. हळू. मग त्याहून हळू.
नाझिब्रोला उंबऱ्यावर सूर्यफुलाच्या बिया फोडत बघायची.
दुसऱ्या दुपारी तिला राहवेना.
‘अगं, उवा काढतेस की चहा खुडतेस?’
उठली, हात घागऱ्याला पुसले,
दोन्ही हात हवेत घातले,
आणि बोटं अशी काही चालली
की कॅमेरा सुरू करायचा वाझाला सुचलंच नाही.
‘परत कराल?’ म्झियानं विचारलं.
‘कशाला? दिसलं ना एकदा.’

शेवटचं रीळ. अकरा मिनिटं.
पुढच्या रिळाचे पैसे नव्हते.
बाराव्या मिनिटाला कॅमेरा फडफडला आणि गप्प झाला.
वाझानं हात वर करायला हवा होता.
केला नाही.
चौघं नाचत राहिले. माझं यंत्र चालू होतं.
ती चार मिनिटं आम्ही सगळ्यांनी पाहिली,
पण आज विचाराल तर प्रत्येक जण
वेगळंच काहीतरी सांगेल.

हिवाळ्यात, तिबिलिसीत, जोडकाम करताना
म्झियानं तिथे काळोख ठेवला.
चार मिनिटं काळा पडदा, आणि पाय.
वाझा दोन आठवडे तिच्याशी बोलला नाही.

मे महिन्यात गावच्या क्लबात चादर बांधली.
काळोख आला तसं कुणीतरी ओरडलं, ‘गेली!’
आणि सगळे हसले, लाइट जाण्याच्या त्या जुन्या वर्षांतलं
मुरलेलं हसू.
एकानं मोबाइलचा दिवा लावला.
‘विझव तो,’ नाझिब्रोला म्हणाली.
‘ऐक. पोरगी तिसऱ्या यंत्रापाशी पोचली.
तिथे खालून मोरी जाते, जमीन पोकळ आहे.
आता वळेल.’
वळली. टाच घासत.
‘हे चौथं. इथे गुलनारा उभी असायची.’
गुलनारा कोण, कुणी विचारलं नाही.
मागच्या रांगेत नाक शिंकरल्याचा आवाज आला.
सर्दीही असेल.

सगळे पांगल्यावर ती माझ्याकडे आली.
मला वाटलं, शाबासकी.
‘मी उंबऱ्यावर बसले होते की नाही?’
‘होतात.’
‘बिया फोडत होते की नाही?’
‘होतात.’
‘मग मला ऐकू का येत नाही मी?’

काढून टाकलं होतं मीच. साफ करताना.
तीन रात्री जागून, एकेक टरफल.
आपल्या कामाचा केवढा अभिमान वाटला होता तेव्हा.

मूळ ध्वनिमुद्रण आहे माझ्याकडे.
म्झियाला अजून सांगितलेलं नाही.
परवा रात्री कानाला लावून ऐकलं:
टाच, टाच, पोकळ जमीन,
आणि मध्येच, तालाला अजिबात न जुमानता,
कट्.
थू.
कट्.