डबलबारी, कुडाळ

दोन वाजले तरी कुणी उठेना.
रुजायने तिसऱ्यांदा चहा आणला,
कागदी कप, भाजलेली बोटं.

समोरचा बुवा पेटीवर रेलून
टाकतो एक खोचक सवाल,
मांडवभर हशा.
आमच्या बुवाचं उत्तर येईस्तोवर
समीनाने माझं मनगट सोडलं नाही.

मग पखवाज सुटला.
प्लास्टिकच्या खुर्च्या थरथरल्या,
आणि तातू,
बँकेत दिवसभर तोंड न उघडणारा तातू,
उभा राहून ओरडला:
व्हय म्हाराजा!

सरस कोण, ते ठरलंच नाही.
परतताना भंगसाळच्या पुलावर
स्कूटर बंद करून थांबलो चौघं.
खाली पाणी, काळं, गप्प.
तातूची बोटं कठड्यावर
तोच ठेका शोधत होती,
एक मात्रा चुकत,
पुन्हा पहिल्यापासून.