धुऱ्याच्या आतले शब्द

दिग्रसला कृषी केंद्राच्या माडीवर
ठवकर सरांचे टायपिंगचे क्लास होते.
जिन्यात फवारणीच्या औषधाचा वास,
वर शाईच्या फितीचा.
मशिनी अकरा, चालणाऱ्या सात.

मी दारातच थांबले.
उजवी बाही मनगटाशी शिवून टाकलेली,
कडबा कापायच्या मशीनला दोन वर्षं झाली होती.
सरांनी बाहीकडे पाहिलं, मग रिकाम्या स्टुलाकडे.
“काहून वं, डावा हात आहे ना?
मंग बस. फी पूर्णच लागन, अर्धी नाही.”

फळ्यावर त्यांनी सगळ्या कळा काढल्या
आणि मधोमध एक वाकडी रेघ ओढली :
टी आणि वायच्या मधून,
जी आणि एचच्या मधून,
खाली बी आणि एनच्या मधून.
“हा धुरा. अलीकडचं वावर तुयं.
पंधरा अक्षरं. एवढ्यात काय पिकते ते पहिले पाहू.”

रात्री ते डिक्शनरी उकरत बसायचे.
सकाळी बियाण्याच्या पाकिटामागे लिहिलेले शब्द
माझ्या मशीनला खोचलेले असायचे,
प्रत्येकाखाली अर्थ, बारीक अक्षरात.

स्ट्युअर्डेसेस. बारा अक्षरं.
विमानात पाणी आणून देणाऱ्या बाया.
मी विचारलं, वावरात पाणी नेणारीला काय म्हणतात?
सरांनी दोन दिवस शोधलं. सापडलं नाही.

एक्झॅजरेटेड. फुगवून सांगितलेलं.
याला अर्थ लिहायची गरज नव्हती,
पाकिटाच्या पुढच्या बाजूला
नारळाएवढी कपाशीची बोंडं छापलेली होती.

व्हर्टिब्रेट्स. कणा असलेले.
बैल, बेडूक, साप, माणूस
(माणसापुढे सरांनी प्रश्नचिन्ह टाकलं होतं).

रिव्हर्बरेटेड.
जिनिंगचा भोंगा थांबल्यावरही
पत्र्यात राहतो तो.
हा शब्द मी शंभरदा मारला.
माडी, जिना, खालचं दुकान,
दुपारभर त्याचाच अर्थ ऐकत होतं.

ओळ संपली की गाडा ढकलायचा दांडा
डावीकडेच असतो.
मशीन बनवणाऱ्याला काय माहीत,
पण मला वाटायचं, कोणीतरी विचार केलाय.

पावसाळ्याच्या तोंडावर सर सेवाग्रामला जाऊन
डोळा करून आले. हिरवा चष्मा, आठ दिवस सुट्टी.
मग दिवाळीपर्यंत पुन्हा धुकं.
लाल पेन्सिल माझ्या चुकांच्या
शेजारून जायला लागली.
त्याच आठवड्यात पाकिटावर आला
सगळ्यात लांब शब्द, तेरा अक्षरांचा : आफ्टरकॅटरॅक्ट.
मोतीबिंदू काढल्यावर
त्याच डोळ्यावर परत साचणारा पडदा.
ओळ तिरपी गेलेली, शेवटचा काना पाकिटाबाहेर.
“पाय,” सर म्हणाले, “दुखणं माह्यं,
अन् सारी अक्षरं तुह्या वावरातली.”

परीक्षेला तीसचा स्पीड लागतो.
पहिल्यांदा माझा बावीस आला.
रिग्रेटेड, मी मारलं. तोही अलीकडचाच.

मग एका संध्याकाळी, बाकीच्या पोरी गेल्यावर,
मी पहिल्यांदा स्वतःचं नाव मारायला घेतलं.
गुंफा.
जी माझा. शेवटचा ए माझा.
मधली चारही अक्षरं धुऱ्यापल्याड.
करंगळी ए वर रोवून
हात ताणून पाहिला, पुरला नाही.
सर खिडकीशी उभे होते, रस्त्याकडे तोंड करून.
त्यांना आता आवाजावरूनच कळायचं
कोणती कळ कोणी दाबली.
“रोवू नको,” ते म्हणाले. “उचल.
धुरा म्या खडूनं काढला होता, पोरी.”

मी हात उचलला.
यू. मग एम, लांब, खाली.
पी तर पार शेजाऱ्याच्या विहिरीजवळ.
एच इतका जवळ निघाला
की हसू आलं.

आज बाजार समितीत काट्याच्या पावत्या मी काढते.
कॉम्प्युटरच्या कळा मऊ आहेत, आवाज करत नाहीत.
तूर, चना, सोयाबीन, वजन, दर,
आणि खाली प्रत्येक पावतीवर माझं नाव.
तिथं पोचल्यावर हात अजूनही
किंचित उंच उठतो.