सहा झ्वॉटींचा स्क्रू

वूच या शहराच्या नावाचा अर्थ होडी,
आणि नदी कुठेच दिसत नाही.
गिरण्यांच्या काळात सगळ्या नद्या
नळांत कोंबून जमिनीखाली ढकलल्या.
बोगुमिवा म्हणते, रात्री तळघराच्या भिंतीला कान लावला
की ऐकू येतात.
मला कधी आल्या नाहीत.

तिथंच तिचं दुकान. दुकान म्हणजे
बिस्किटांचे चौतीस डबे,
त्यांत शिवणयंत्रांचे अवयव:
बॉबिन, शटल, दाते, सुईखालच्या पट्ट्या,
आणि काही तुकडे ज्यांची नावं कुणालाच माहीत नाहीत,
त्यांना ती 'हा', 'ही' आणि 'तो म्हातारा' म्हणते.
गिरणी बंद पडली तेव्हा नवऱ्याने, वात्स्वाफने,
थकलेल्या पगाराऐवजी पोतं भरून हे घरी आणलं.
ती त्याला तेव्हा फार बोलली होती.
नंतर एकेक करून ते पोतं जगभर गेलं,
वात्स्वाफचं आजारपण त्यातच निघालं.

मार्चमध्ये पत्र आलं. 'प्रिय भागीदार,'
भागीदार हा शब्द वाचून
ती चष्मा पुसायला उठली.
आठाचे बारा टक्के.
वर प्रत्येक ऑर्डरमागे दीड झ्वॉटी, वस्तू केवढीही असो.
आणि यादीत वर दिसायचं असेल तर त्याचे निराळे;
न दिसण्याचे पैसे लागत नाहीत.
अडत्याला निदान तोंड असतं,
त्याच्याशी हुज्जत घालता येते,
तो काटा मारताना डोळे चुकवतो तरी.
इथे 'मदत' नावाचं बटण आहे.
ते दाबलं की विचारतं:
आमची मदत कशी वाटली?

मे महिन्यात पूर्वेकडच्या एका खेड्यातून
झेनोबियुश नावाच्या माणसाने एक स्क्रू मागवला.
आईचं मशीन अडलंय, लिहिलं होतं,
शटल खुळखुळतं.
किंमत सहा झ्वॉटी.
तिने जुन्या बेतकागदावर, बाहीच्या गोलाईत,
पेन्सिलने मांडलं:
बहात्तर ग्रोश, दीड झ्वॉटी, नव्वद ग्रोश,
टपाल तीन नव्वद (गिऱ्हाइकाला ते मोफत असतं).
उरले: उणे एक झ्वॉटी दोन ग्रोश.
पुन्हा मांडलं. बाही तेवढीच राहिली.

स्क्रू मात्र हातात होता.
तांदळाच्या दाण्याहून लहान,
तरी आटे शाबूत.

तिने ऑर्डर रद्द केली. कारण निवडा:
माल संपला, माल खराब, पत्ता चुकीचा.
खरं कारण यादीत नव्हतं.
तिने 'माल संपला' निवडलं,
त्यावर गुण कापले गेले.
निरोपात फोन नंबर लिहून पाहिला;
तिथे आकड्यांऐवजी तारे उमटले,
नऊ तारे, एका ओळीत.

पण दोन वर्षांपूर्वीची वही होती,
ह्याच माणसाने तेव्हा पट्टा मागवला होता.
पत्ता सापडला.
स्क्रू पुठ्ठ्याला चिकटवून
साध्या पाकिटातून धाडला, सोबत एक ओळ:
घट्ट पिळू नका, पितळ मऊ असतं.

जूनच्या अखेरीस उलट पाकीट आलं.
आत जाड सुती कापडाचा तुकडा,
चारी बाजूंनी शिवलेला,
टाके सारखे, एकही सुटलेला नाही.
आत काहीतरी खडखडत होतं.
ती दिव्याखाली धरून बराच वेळ टाकेच बघत बसली.
एका कोपऱ्यावर मशीन थोडं दचकलं होतं.
'आई सत्त्याऐंशीची आहे,' एवढंच लिहिलेलं.

मला वाटलं, हे आता ती तसंच ठेवेल, न उसवता.
तिने ब्लेड घेतलं आणि उसवलं.
पाचाचं एक नाणं, एकाचं एक.
वीजबिलाच्या बरणीत टाकली.

त्याच आठवड्यात दहा झ्वॉटींच्या आतलं सगळं
तिने विक्रीतून काढून टाकलं:
दोनशे चौदा वस्तू,
प्रत्येकीला 'खात्री आहे का?' असं विचारलं गेलं.
बारीक स्क्रूंचे डबे मागच्या फळीवर गेले.
कुणाला लागलाच तर, ती म्हणते,
मी आहे ना इथे.
पण हे कुणाला कळणार कसं, ते ती सांगत नाही.

उसवलेला दोरा मात्र तिने
एका रिकाम्या बॉबिनवर गुंडाळला.
हातभर असेल. त्याची किंमत
अजून कुठे लावलेली नाही.