दुसरी चावी

रासईच्या फेरीबोटीत फोन हातातून निसटला
आणि जुवारीने तो एका घोटात घेतला.
दुर्भाटच्या धक्क्यावर उतरून ऑफिसात पोचले,
देवस्थानचा कॉम्प्युटर सहा आकडे मागत होता.
ते आकडे आता खेकड्यांपाशी.

चार दिवस आम्ही आमच्याच बँकेबाहेर.
पाचव्या दिवशी लोटलीचा सेल्विन आला,
हेल्मेट टेबलावर ठेवून म्हणाला,
बाय, आता सगळं डेस्कटॉपवरच घेऊया.
एक अ‍ॅप पासवर्डांना, एक आकड्यांना.

किती तऱ्हा!
एक वर्षाला पैसे घेतं आणि फार गोड बोलतं.
एक फुकट, पण ठेव सगळी ढगात,
ढग कुणाचा ते विचारू नये.
एकात घालता येतं, बाहेर काढता येत नाही,
मोठ्या नणंदेकडे दिलेल्या भांड्यांसारखं.
आणि एक राखाडी, रुक्ष:
फाईल तुझ्याच डिस्कवर,
विसरलीस तर देवही उघडणार नाही.
ते घेतलं. निदान खोटं बोलत नव्हतं.

आकडेही याच मशीनवर टाकतो, सेल्विन म्हणाला,
सोपं पडेल.

माझा हात माऊसवर थांबला.

गर्भगृहामागच्या खोलीत दागिन्यांची शिसवी पेटी आहे.
दोन कुलपं.
एक चावी खांडेपारकरांकडे, दुसरी सावईकरांकडे.
एका माडाच्या हद्दीवरून
दोन्ही घरं चाळीस वर्षं बोलत नाहीत.
तरी जत्रेच्या आदल्या रात्री दोघे येतात,
एकमेकांकडे न बघता वाकतात,
कुलपं एकापाठोपाठ कुरकुरतात.
आजवर एक मोती हललेला नाही.
ज्याने हे ठरवलं
त्याला माणसं कळत होती.

सेल्विन, म्हटलं,
दोन्ही चाव्या एका खुंटीला नकोत.

म्हणून आकडे गेले पलीकडच्या टेबलावर,
सुलक्षाच्या कॉम्प्युटरात.
सुलक्षा गेल्या चवथीपासून माझ्याशी बोलत नाही.
पंखा कुणाकडे वळवायचा, एवढंच कारण.

राखीव कोडांचा कागद लखोट्यात घालून
लाख लावून त्या पेटीत ठेवायचा ठराव झाला.
लागलाच, तर जत्रेपर्यंत थांबावं लागेल.

मुख्य पासवर्ड मी एकटीने निवडला, घरी,
भाजी चिरताना.
चार शब्द आहेत. एक भाताच्या जातीचं नाव असावं
असं तुम्हाला वाटलं, तर वाटू दे.

आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं.
चारही शब्द घातले. पडदा थांबला.
मी खाकरले.
पलीकडून, मॉनिटरवरची नजर न काढता,
चार, शून्य, सात, सात, एक…
शेवटचा आकडा वाऱ्यात गेला.
छोटं वर्तुळ झिजत झिजत संपलं,
नवं सुरू झालं.

परत सांग, मी म्हटलं.

तिने उठून पंखा बंद केला.