मांगे कोन लागनं

पहाटे पावणेपाच. करवंद नाक्यावरचं कुत्रं
एक डोळा उघडतं आणि मिटून घेतं;
तीन महिन्यांत एवढी तरी ओळख झाली.
बुटाची नाडी दोनदा बांधते, गाठीवर गाठ,
चौतीस वर्षं बँकेत बंडलं बांधली तशी.
आज बत्तीस किलोमीटर. मोजायचं नाही असं ठरवून
पहिल्याच दिव्याच्या खांबापासून मोजते.

जानेवारी. कानाच्या पाळ्या आहेत की नाहीत कळत नाही.
जिनिंगच्या भिंतीपाशी सरकीचा उबट वास.
तिथवर श्वास कुणा दुसऱ्याचा असतो,
पुढे थोडा थोडा माझ्या नावावर जमा होतो.

हायवेवर भरतीची पोरं.
अंधारात आधी पावलं, मग वाफा, मग पोरं.
रमिला पावरा मुद्दाम मागे राहते माझ्यासाठी.
बूट भावाचे, टाचेत पेपरची घडी.
आठशे मीटरला तिचे चार सेकंद जास्त होतात.
"काकू, तुम्हाला किती मिनिटांत पोचायचंय?"
मी म्हणते, कितीही.
ती थोडा वेळ गप्प पळते.
"बरंय तुमचं," म्हणते आणि सुटते,
ते चार सेकंद पुढे रस्त्यात पडलेत
आणि कुणी उचलायच्या आत गाठायचेत, अशी.

टोलनाक्यावर मुश्ताकची रात्रपाळी संपत आलेली.
मी दिसले की मधल्या रांगेचा दांडा वर.
"फास्टॅग आहे ना, ताई?"
रोज तोच विनोद, रोज मी हसते,
हसण्यात दम जातो. जाऊ दे, तो टोल.

सावळद्याच्या पुलाखाली तापी दिसत नाही,
तिथे अंधार फक्त जरा सपाट होतो.
भटू आण्णा दुधाची गाडी हळू करून
माझ्या बरोबरीने चालवतात. किटल्या कण्हतात.
"काटा नऊवर आहे ताई. बसा, सोडतो."
कुठे सोडणार?
"कुठे चालल्या?"
नरडाण्याच्या अलीकडे, पंपापर्यंत. मग परत.
'परत' ऐकून त्यांना फार वाईट वाटतं.
पुढे जाऊनही दोनदा वळून बघतात.

येताना ऊन उजव्या गालावर.
चोविसाव्याला, पूल ओलांडला आणि डावी पोटरी दगड.
मोरीच्या कठड्यावर बसले.
फरदडीच्या कापसातून केवळबाई
ओटी सावरत सरळ माझ्याकडे आली.
"कसाले पयस व माय? तुना मांगे कोन लागनं?"

बाकी सगळ्यांसाठी उत्तरं तयार असतात.
डॉक्टरांना शुगर, बहिणीला मेडल,
शेजारणींना वजन.
हिच्यासाठी हात घातला तर गल्ला रिकामा.
कोणी नाही, म्हटलं.
"कोनीच नही?"

खरं तर होतं. नव्वद साली, कॉलेजच्या वाटेवर,
सायकलवर, रोज, शिट्टी वाजवत.
तेव्हा मी पळाले नव्हते. मान खाली घालून
त्याच चालीने चालत राहिले होते.
हे तिला सांगितलं नाही.

तिने पाय मांडीवर घेतला.
बोंडांच्या टोकांनी चिरलेले तळवे, किसणीसारखे,
पोटरीवरून फिरले. मी ओरडले.
"वरड," ती म्हणाली, "आठे कोन आयकस."
मग फडक्यातून कळण्याची अर्धी भाकर, वर ठेचा.
"पयनं व्हई ते पय. पन घर सांगीसन निंघत जाय."

तोंडात जाळ घेऊन उरलेले आठ.
टोलनाक्यावर दिवसपाळीचा नवा पोरगा,
दांडा खालीच. वळसा घालून गेले.

गल्लीच्या तोंडाशी घड्याळ म्हणालं,
एकतीस पूर्णांक सहा.
मग आमच्याच दारासमोर फेऱ्या, इकडून तिकडे.
शेजारचा चिन्मय ब्रश तोंडात धरून बघत होता.
तिसऱ्या फेरीला विचारलं,
"काकू, काही हरवलंय का?"
चारशे मीटर, म्हटलं.

तोही माझ्यासोबत चालू लागला,
खाली बघत,
फेस सांडत.