अंगठा

रीलचा सगळा खेळ अंगठ्याचा,
हे मला हाकमसिंगनं शिकवलं.
चकरी सुटली की तिच्यावर अंगठा असा ठेवायचा,
तव्यावर फुगणारी पोळी फडक्यानं दाबतो तसा,
हलका.
उचललात तर आतल्या आत दोरीचं घरटं होतं,
आणि मग बसा क्रोशाची सुई घेऊन
यशवंत सागराच्या मधोमध, उन्हात, तासभर.

तीस वर्षं सियागंजच्या शाखेत
मी लोकांचे अंगठे घेतले.
जांभळी शाई, डावा हात, जरासा फिरवून.
माझ्या अंगठ्याला काम लागलं ते निवृत्तीनंतर.

नाव बारा फुटी, फायबरची,
कुठल्याशा बंद पडलेल्या वॉटरपार्कची;
बुडाशी निळा हत्ती अजून दिसतो.
मोटर ई-रिक्षाच्या बॅटरीवर चालते, आवाज न करता.
नांगर म्हणजे मल्हारगंजातल्या किराणा दुकानाचं पाच किलोचं माप.
तिथे काटा इलेक्ट्रॉनिक झाला,
तेव्हापासून ते तळाचा गाळ जोखतं.

डबा उघडला की मिसळणाचाच वाटतो:
एका वाटीत शिशाच्या गोळ्या, एकीत फिरक्या,
एकीत काटे (आकडी मी कानशीनं घासून टाकलेली),
आणि मोठ्या वाटीत हिरवा रबरी बेडूक,
पोट पिवळं, एक डोळा गेलेला.

सुदामानगरच्या भिशीत विचारतात,
खात नाहीस तर धरतेस कशाला?
मी म्हणते, शब्दकोडं सोडवून कुणी खातं का?
हसतात. चहा येतो.
माझं उत्तर मलाच पटलेलं नसतं.

गेल्या वर्षी, बंदी उठल्यावरचा पहिला रविवार.
पडद्यावर काही नव्हतं, नुसता पिवळा तळ.
हाकमसिंगनं पडद्याकडे पाहिलंच नाही.
बोट दाखवलं: जलकुंभीच्या कडेला
ताटाएवढं पाणी तांबूस, थरथरतं.
मरळीची पिल्लं. हजारएक असतील,
श्वास घ्यायला वर आलेली.
"नीचे माँ-बाप में से कोई एक बैठा है, म्याडम.
भूखा नहीं है.
फिर भी मारेगा."

मी बेडूक बरोबर मधोमध टाकला.

पाणी फुटलं. ड्रॅग किंचाळला.
दोन किलो तीनशे. हात ओले करून धरली,
काटा सहज निघाला, फोटो काढला.
सगळं नियमानं.
तेवढ्यात चारी बाजूंनी चिलवे आले,
चंदेरी, घाईत, पंगतीला उशीर झाल्यासारखे.
सोडली, तर ती लांब गेली नाही.
नावेखालीच थांबली.
वरचं ताट निम्मं झालं होतं.

घरी येऊन वहीत लिहिलं:
जमा, मासा एक, सोडला.
नावे बाजू कोरी ठेवली.
अजून कोरीच आहे.

या भादव्यात पुन्हा तीच कड, तीच थरथर.
मी काही ठरवून गेले नव्हते, खोटं कशाला सांगू.
रॉड सवयीनं मागे गेला, पुढे आला,
बेडूक हवेत होता
आणि अंगठा चकरीवर गच्च बसला.
वेणीची दोरी, ती थांबताना भाजते.
बेडूक आठ हात अलीकडे पडला, मूर्खासारखा,
आणि नुसता तरंगत राहिला.

हाकमसिंग काही बोलला नाही.
त्यानं माप वर ओढलं,
त्याचा गाळ धुतला, नेहमीपेक्षा सावकाश,
आणि मोटर लावली.

सोमवारी राजवाड्याजवळ सिमकार्ड घ्यायला गेले.
काचेवर अंगठा ठेवला.
यंत्र लाल झालं. पुन्हा ठेवला. पुन्हा लाल.
पोरानं काच शर्टाला पुसली,
मग माझा अंगठा उलटा करून पाहिला.
"कैसे जला, आंटी?"

मी म्हटलं, पोळी.

"दूसरी उँगली दे दो फिर."
मी दिली.