ओली पट्टी

वाजेद मनियारच्या गाडीला उजव्या अंगानं
बांगड्यांचे खोके बांधलेले असतात, बरोबर सायलेन्सरवर.
काचेचं काही बिघडत नाही. लाखेचं बिघडतं.
देवणीच्या बाजारात पोहोचेपर्यंत
दोन डझन बांगड्यांची एकच बांगडी झाली,
बारीक आरसे आतल्या आत बुडालेले.
ती त्यानं माझ्या बाकड्यावर ठेवली, पान्यांच्या शेजारी.
"यल्लप्पा, ये कौनसे हात में पिनाऊं?"

हैदराबादहून पट्टी मागवली. पंधरा मीटरचा गुंडाळा.
खोक्यावर काय लिहिलंय, आबांनी विचारलं.
काळ्या दगडाचा धागा, मी म्हणालो,
दगड वितळवून ओढतात म्हणे, शेवयांसारखा.
"दगडाचा धागा निघत नसतोय."
चाळीस वर्षं त्यांनी तोच दगड फोडला
नळेगाव रोडच्या खाणीत, विहिरींच्या बुडाशी.
त्यांच्या हातून खडी निघाली, पाटे निघाले,
एकदा तर एक नंदी निघाला, शिंग तुटलेला.
धागा नाही.

रात्रभर भिजवावी लागते पट्टी.
नळ नवव्या दिवशी आलेला.
बायकोनं बादली दिली ती बादलीकडं बघत,
माझ्याकडं नाही.
आणि सकाळी ते पाणी लिंबालाही घालता येत नाही,
त्यात कुसळं उतरतात. दगडाची कुसळं.
हातमोजे घालूनही मनगटं खाजतात.
आबांनी उघड्या हातानं उचलली,
बोटांत चोळली, नाकाशी नेली.
"आपलाच हाय ह्यो," म्हणाले,
खाजवत खाजवत.

बेंड पाइप उतरवला. पॉलिश पेपरनं घासला,
पेट्रोलच्या फडक्यानं पुसला.
सुरुवात इंजिनच्या तोंडापासून:
पहिला वेढा पहिल्यावरच,
मग प्रत्येक वेढा मागच्यावर अर्धं बोट चढलेला,
हिसका न देता, पण ढील न सोडता.
सरळ पाइपवर कुणालाही जमतं.
वळणावर बाहेरच्या अंगाला पट्टी पुरत नाही,
आतल्या अंगाला तिचा चोळामोळा होतो.
आबा स्टुलावरून टोक ताणून धरून होते,
ओळंब्याची दोरी धरावी तसे.

तापात आई कपाळावर ठेवायची ती ओली पट्टी
ताप बाहेर काढायची.
ही उलटी आहे.
ही ताप आत कोंडते, शेजारच्याला चटका नको म्हणून.
आबांना मी कधी ओरडताना ऐकलं नाही.
ठेकेदारानं सहा महिन्यांची मजुरी बुडवली, तेव्हाही नाही.

वाजेदला सगळं सांगितलं. लपवायचं कशाला.
पट्टीखाली ओल राहते, पाइप आतून लवकर सडतो,
तीन वर्षं धर.
तो म्हणाला, "पाइपका बोल रा ना? मेरा तो नै?"

किक मारली.
आधी वाफ, मग धूर, पांढरा, दाट,
शेजारचा झेरॉक्सवाला बाटली घेऊन धावत आला.
पहिल्यांदा असंच होतं, मी सांगत होतो,
तोवर आबा उठून चार पावलं मागं सरले होते,
एक हात माझ्या छातीवर आडवा धरून,
मलाही मागं रेटत,
सुरुंगाची वात पेटल्यावर रेटायचे तसे.
मी तेव्हा सात वर्षांचा होतो.
हात तेवढाच जड लागला.

धूर विरला. वाजेद एक चक्कर मारून आला
रेल्वे फाटकापर्यंत.
आबांनी पाइपजवळ तळवा नेला, थांबले,
मग हळूच टेकवला आणि लगेच उचलला.
"मे महिन्यात," ते म्हणाले,
"दिवस बुडाल्यावर खाणीत बसलं
की बुडाखाली असंच लागायचं."

हातभर पट्टी उरली.
मी ती फेकणार होतो.
संध्याकाळी बघतो तर त्यांच्या सुतकीच्या दांड्याला
ती गुंडाळलेली, अर्धं बोट चढवत चढवत,
टोकाला माझीच एक स्टीलची क्लिप.
अकरा वर्षं झाली ती सुतकी उचलून.
"खाज सुटेल," आई म्हणाली.
"सुटू दे," आबा म्हणाले.